घामाघूम खोका आणि पाच रंगांचा डाव

"उचल ना गं एक! मुहूर्त काढतेयस का?" ओमकार वैतागून म्हणाला.

"थांब रे! घाईत घेतला की मग रडायची वेळ येते," राही म्हणाली आणि हातातले सात पत्ते पुन्हा एकदा पंख्यासारखे पसरून बघू लागली.

२००५ सालच्या मे महिन्याची सुट्टी. रत्नागिरीत माळनाक्याजवळच्या राहीच्या घरी, पडवीत चटई टाकून चौघं गोल बसले होते. राहीच्या डाव्या हाताला तिचा मामेभाऊ वेद. तो ठाण्याहून आला होता आणि येताना आपल्याबरोबर हे वेड घेऊन आला होता. त्याच्यापलीकडे शेजारची नीरजा, आणि राहीच्या उजव्या हाताला नीरजाचा धाकटा भाऊ ओमकार.

खेळाचं नाव 'दुर्ग'. ते मुलांनीच ठेवलेलं. पाकिटावरचं लांबलचक इंग्रजी नाव घेताना ओमकारची जीभ दरवेळी ठेचकाळायची. प्रत्येकाच्या दुर्गाला वीस बुरूज. सगळे ढासळले की तुम्ही हरलात. लढायला सरदार, तेही पाच रंगांचे: आगीचे लाल, समुद्राचे निळे, रानाचे हिरवे, वाऱ्याचे पिवळे आणि काळोखाचे काळे. लाल सरदार उतरवायचा तर पुढ्यात लाल मुलूख मांडलेला हवा, निळ्याला निळा. मुलूख डब्यातून हवे तेवढे घ्या. सरदार मात्र मिळायचे ड्राफ्टमध्येच. ड्राफ्ट म्हणजे प्रत्येकाने दहा पत्त्यांचं एक बंद पाकीट फोडायचं, एक पत्ता ठेवायचा आणि बाकीचे डावीकडच्याला द्यायचे. मग उजवीकडून आलेल्या नऊमधून एक, आठमधून एक, असं पत्ते संपेपर्यंत. अशा तीन फेऱ्या झाल्या की आपापले सरदार आणि मुलूख एकत्र पिसून पत्त्यांचा गठ्ठा, म्हणजे डेक, बांधायचा आणि लढायचं!

"सोपं आहे," वेदने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "दोन रंग धरायचे, बाकी कितीही भारी पत्ता दिसला तरी सोडून द्यायचा. आणि लक्ष ठेवायचं. आपल्याकडे काय येत नाहीये, त्यावरून उजवीकडचा काय घेतोय ते कळतं!"

कळायचं राहीला सगळं. पण सोडून देणं काही जमायचं नाही. आजही दोन फेऱ्या संपल्यावर तिने आपले वीस पत्ते रंगांप्रमाणे लावले आणि तिचा चेहरा पडला.

"चार लाल, चार निळे, चार हिरवे, चार पिवळे, चार काळे," नीरजाने मोठ्याने मोजलं. "राही! हे काय दुकान मांडलंयस?"

"पाच रंगांचा डेक!" वेद पोट धरून हसला. "अगं, हातात लाल सरदार आला की मुलूख येणार निळा. निळा सरदार आला की मुलूख येणार काळा. तू नुसती पत्ते धरून बसशील आणि आम्ही तुझे बुरूज पाडून जेवायला बसू!"

"अजून एक फेरी आहे," राही फणकाऱ्याने म्हणाली.

तिसऱ्या फेरीची पाकिटं अजून यायची होती. वेदच्या बाबांनी मुंबईहून नवा खोका रात्रीच्या बसने पाठवला होता. मारुती मंदिराजवळच्या पार्सल ऑफिसमधून तो आणायचा, आल्याआल्या तिसरी फेरी आणि संध्याकाळपर्यंत फायनल! चौघांनी आपापले पत्ते रबर लावून पिशवीत टाकले आणि दहाच्या सुमाराला निघाले.

पार्सल ऑफिस म्हणजे एक गाळा होता. भारनियमनामुळे वीज गेलेली. टेबलामागे आत्माराम नावाचा क्लार्क वर्तमानपत्राने वारा घेत बसला होता.

"वेद जोगळेकर? हा घ्या. सही करा." त्याने खाकी खोका पायानेच पुढे सरकवला. "आणि तक्रार चालणार नाही. चिठ्ठीवर नाव ज्याचं, माल त्याचा. बदलून मिळत नाही!"

वेदने सही केली आणि खोका उचलला. बाहेर पिंपळाच्या सावलीत येईपर्यंत तो राहीच्या हातात आला होता. ती एकदम थांबली.

"वेद, तुझ्या पत्त्यांना घाम फुटलाय!"

"काय?"

"हात लाव ना! खालून ओला आहे. आणि गारेगार!"

चौघांनी हात लावून बघितला. खरंच! बाहेर अंगाची लाही होत होती आणि खोका माठासारखा पाझरत होता. वर वेदच्या नावाची चिठ्ठी होती, पण वाकडी, आणि तिच्यावर नवी कोरी चिकटपट्टी.

"ही चिठ्ठी पुन्हा चिकटवलीय," नीरजा बारकाईने बघत म्हणाली.

वेदने खोका फोडला. आत थर्माकोलचा डबा. डब्यात वितळत आलेल्या बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्यामध्ये बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, ओळीने लावलेल्या. राहीने एक उचलून लेबल वाचलं.

"सापाच्या विषावरचं औषध आहे हे! थंड जागी ठेवा, असं लिहिलंय."

 मग ओमकार हळूच म्हणाला, "म्हणजे कुणाला तरी साप चावलाय, आणि त्याच्याकडे गेलेत आपले पत्ते?"

"चावला नसला तरी चावू शकतो," राही म्हणाली. मे महिन्यात फुरशी किती निघतात, हे रत्नागिरीच्या मुलांना सांगावं लागत नाही. वीतभर लांबीचं, जांभ्या दगडाच्याच रंगाचं ते जनावर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

चौघं धावत आत गेले.

"काका, हा आमचा खोका नाही! चिठ्ठ्या बदलल्यात!"

"बदलल्यात म्हणजे?" आत्माराम गुरगुरला. "सकाळी एका खोक्याने सगळं पाणी पाणी केलं. तिन्ही खोक्यांच्या चिठ्ठ्या सुटल्या. मी लावल्या पुन्हा अंदाजाने. बाकीचे दोन गेलेसुद्धा. सगळे खोके सारखेच, मी काय आत घुसून बघू?"

"अंदाजाने!" नीरजा किंचाळलीच. "अहो, यात औषध आहे!"

आता आत्माराम जरासा चपापला. "औषध? मग ठेवा इथेच. मालक चिपळूणला गेलेत, सोमवारी येतील तेव्हा बघू."

"आज शुक्रवार आहे! इथे वीज नाही, बर्फ संपत आलाय!"

"नियम म्हणजे नियम! माल तुमचा नाही ना? मग ठेवा खाली."

राहीने खोका पोटाशी घट्ट धरला. तिचे कान तापले होते, पण आवाज शांत होता. "काका, या चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे?"

"वेद जोगळेकर."

"आणि चिठ्ठीवर नाव ज्याचं, माल त्याचा. आत्ताच म्हणालात तुम्ही. वेदने सहीसुद्धा केलीय. मग हा खोका आमचाच झाला की!"

आत्मारामने चिठ्ठी पुन्हा वाचून बघितली. वेदने तेवढ्यात टेबलावरची वही आपल्याकडे वळवली. सकाळच्या तीन नोंदी होत्या: वेद जोगळेकर; देवदत्त फोटो स्टुडिओ; आणि उ. म. शिर्के, आंबेकोंड. पत्ता नाही, फोन नाही.

"पहिल्यांदा स्टुडिओत जाऊन विचारूया," ओमकार म्हणाला.

"कशाला वेळ घालवायचा?" राही वहीवर बोट ठेवून म्हणाली. "तीन खोके, तीन माणसं. हा आपला नाही. फोटोवाल्याला सापाचं औषध कशाला लागेल? मग उरलं कोण?"

"उ. म. शिर्के!" तिघं एकदम ओरडले.

"पण हे शिर्के आहेत कोण?" नीरजा म्हणाली. "आंबेकोंड काय लहान आहे? आणि त्यापेक्षा आपण सिव्हिल हॉस्पिटलात नेऊन देऊया ना. तिथे फ्रिज असतो."

राहीने मान हलवली. "सिव्हिलकडे त्यांचं औषध असणारच. ज्याने मुंबईहून मागवलंय त्याच्याकडचं संपलंय, म्हणून तर मागवलं! आधी हा शिर्के शोधूया."

एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर हौसामावशी बसते. मिरकरवाड्याहून मासळी आणून ती गावोगाव विकायला नेते. आणि तिला ठाऊक नाही असं घर दहा गावांत नाही. राहीच्या आईकडे तर ती दर बुधवारी यायचीच. मुलं धापा टाकत तिच्यापुढे उभी राहिली.

"काय गो बाय, काय झाला? तोंडा अशी का सुकल्यात?"

राहीने एका दमात सगळं सांगितलं.

"उल्का शिर्के व्हय!" हौसामावशी म्हणाली. "ती तर आंबेकोंडच्या दवाखान्यातली नर्सबाय! तिथल्या मुंबईकर मंडळींनी चालवलाय तो दवाखाना. औषधं मुंबईवरनंच येतात. फोन नका लावू, तिथला फोन चार दिवस मेलाय."

"मावशी, बर्फ वितळला सगळा," राही म्हणाली.  "आंबेकोंड तास-दीड तासाच्या वाटेवर आहे."

हौसामावशीने आपल्या टोपलीकडे बघितलं. वरच्या गोणपाटाखाली बर्फाचा थर होता, त्याखाली सुरमई आणि पापलेट. अकराही वाजले नव्हते. दिवसभराची मासळी अजून विकायची होती. तिने गोणपाट ओढून बाजूला फेकलं.

"घ्या."

"पण मावशी, तुमची मासळी..."

"माझी मासळी मेलेलीच हाय गो! माणूस जित्ता ऱ्हायला पायजे." ती ओंजळीने बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू लागली. "बाटल्यांना थेट लावू नको. फडक्यात गुंडाळ. गार पायजे, गोठायला नको."

तिने स्वतःच्या डोक्याचं चुंबळीचं फडकं सोडून दिलं. पब्लिक फोनवरून नीरजाने राहीच्या आईला सगळं कळवलं. "जा, पण चौघं एकत्र राहा! बाबा कामावरून आले की त्यांना पाठवते," आई म्हणाली.

आंबेकोंडच्या गाडीचा कंडक्टर दारातच आडवा आला. "मासळीचा खोका गाडीत नाही घेणार! वास बघा!"

"अहो, औषध आहे!"

"औषधाला मासळीचा वास येतो का?"

"आरं ए!" मागून हौसामावशीचा आवाज कडाडला. "पोरांना वर घे! नायतर उद्यापासून तुझ्या गाडीत रोज मी दोन टोपल्या घेऊन बसंन!"

कंडक्टर निमूट बाजूला झाला. खोक्यातलं औषध बघितल्यावर त्याने स्वतःच पुढची सावलीतली सीट रिकामी करून दिली.

गाडी त्यांना आंबेकोंड फाट्यावर सोडून पुढे गेली तेव्हा बारा वाजत आले होते. इथून दोन किलोमीटर सडा. नुसता जांभ्याचा काळपट कातळ, झाड म्हणून औषधालाही नाही. चपला जळत होत्या. दोघांनी खोका धरायचा, दोघांनी पिशवीची, हाताची सावली करायची, शंभर पावलं झाली की बदली.

"माझ्या हाताला कळा लागल्या," ओमकार म्हणाला.

"मग बोलू नकोस, चाल," नीरजा म्हणाली, आणि त्याची पाळी तिनेच घेतली.

अर्धी वाट संपली असेल, तेवढ्यात समोरून एक माणूस धावत येताना दिसला. अंगात बंडी, पायात काही नाही.

"जीप बघितलीत का? फाट्यावर जीप हाय का?" तो लांबूनच ओरडला.

"नाही हो काका! काय झालं?"

"माझ्या घरवालीला फुरसा चावला. काजू गोळा करताना. डॉक्टर म्हणतात औषध संपलंय, रत्नागिरीला न्या. आज औषध येणार होतं, तर खोक्यातून निघाले काय... पत्ते! चित्रांचे पत्ते!" त्याला रडू फुटलं.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

"काका, औषध आमच्याकडे आहे!" राही ओरडली. "हे बघा, हे!"

त्या माणसाने एकदा मुलांकडे आणि एकदा खोक्याकडे बघितलं. मग खोका खांद्यावर घेतला आणि आला तसा उलटा धावत सुटला. त्याच्यामागे ही चौघं, पडत-धडपडत, तहानलेली, पण धावत!

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक लांब व्हरांडा. दारात नर्स उल्काताई उभ्या होत्या. त्यांनी डबा उघडला, बर्फावर हात ठेवला, बाटल्या उजेडात धरून बघितल्या.

"गार आहेत! स्वच्छ आहेत! डॉक्टर, औषध आलं!"

म्हातारे डॉक्टर आगाशे आतून आले आणि बाटल्या घेऊन परत गेले. उघड्या दारातून राहीला खाटेवरची बाई दिसली. मालन तिचं नाव. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. दार बंद झालं.

बऱ्याच वेळाने उल्काताई बाहेर आल्या. "सलाइनमधून औषध सुरू केलंय. आता वाट बघायची. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. सहा तासांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवू. गोठलं, तर मालन वाचली समजा."

"आणि नाही गोठलं तर?" ओमकारने विचारलं.

"तर अजून औषध देऊ. आणलंयत ना तुम्ही पुष्कळ!" त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कोपऱ्यातला खोका पुढे केला. "हे तुमचं. खेळा. इथे हात चोळत बसून रक्त काही लवकर गोठत नाही."

खेळायचं कुणाच्या मनात नव्हतं. पण सहा तास! मालनचा नवरा रघू, तोच धावत आलेला माणूस, पायरीवर बसून बंद दाराकडे बघत होता. त्याचे हात थरथरत होते. शेवटी वेदने चार पाकिटं काढली आणि चौघं व्हरांड्यात गोल बसले.

तिसरी फेरी सुरू झाली. राहीचं लक्ष आत होतं. तरी ओमकारकडून आलेल्या पत्त्यांत तिला एक गोष्ट खटकली. 'तिठा' नावाचा पत्ता दिसला. हा मुलखाचा पत्ता, पण कुठल्याही एका रंगाचा नाही. पाचांपैकी हवा तो रंग त्यातून मिळतो. तो लढत नाही, म्हणून कुणी घेत नाही. पुढच्या पत्त्यांत दुसरा तिठा. त्यापुढे तिसरा! वेद घेत नव्हता, नीरजा घेत नव्हती, ओमकारही घेत नव्हता. घेतील कशाला? ज्याच्याकडे दोनच रंग, त्याला तिठा लागतोच कुठे?

मला लागतो! राहीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला एकटीलाच लागतो, आणि म्हणून सगळे माझ्याकडे येणार!

तिने एक दांडगा लाल राक्षस सरळ सोडून दिला आणि तिठा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तिला सोडून देताना काही वाटलं नाही. फेरी संपली तेव्हा तिच्याकडे पाच तिठे होते, आणि 'पंचरंगी निशाण' नावाचा एक पत्ता. तो तर सगळ्यांच्या हातांतून फिरून तिच्याकडे आला होता.

डेक बांधून झाला. राहीने वर बघितलं. रघू तसाच बसला होता.

"काका," ती उठून त्याच्यापाशी गेली, "एवढे पत्ते पिसून देता का? माझे हात फार दुखतायत."

रघूने गोंधळून पत्ते घेतले. त्याच्या रापलेल्या बोटांनी ते सावकाश, पुन्हा पुन्हा पिसले. हळूहळू ती बोटं थरथरायची थांबली. मग तो पायरीवरून उठून त्यांच्याजवळच येऊन बसला. "ह्यातला आपला कुठला?" त्याने विचारलं, आणि पुढचा सगळा खेळ तो राहीच्या बाजूने बघत राहिला.

पहिल्या डावात राहीने ओमकारला हरवलं, पण कसंबसं. तिचे दोनच बुरूज उरले होते. वेदने नीरजाला चुटकीसरशी संपवलं. म्हणजे फायनल राही आणि वेदची!

वेदचा डेक लाल-हिरवा, झंझावातासारखा. तिसऱ्या खेळीपासून त्याने हल्ला चढवला. राहीचे बुरूज वीसचे चौदा झाले, चौदाचे आठ झाले, आठाचे तीन!

"शरण ये!" वेद म्हणाला.

"पोरी, शरण नाय जायचा," रघू हळूच म्हणाला.

राहीपुढे एक लाल, एक निळा आणि एक हिरवा मुलूख होता आणि दोन तिठे. एका तिठ्यातून तिने पिवळा धरला, दुसऱ्यातून काळा. गेल्या पाच खेळ्यांत तिने एकेक करून सरदार उतरवले होते. सगळे लहान, प्रत्येकाचा जोर दोनच, पण प्रत्येक रंगाचा एक. वेदच्या तीन धिप्पाड सरदारांपुढे ते अगदीच केविलवाणे दिसत होते. त्यांच्या आडूनच तर ती तगली होती.

वेदचे नऊ बुरूज शिल्लक होते. राहीने पत्ता ओढला.

"पंचरंगी निशाण!" तिने पत्ता खाली ठेवला. "पाचही रंगांचे मुलूख आहेत. पाचही रंगांचे सरदार आहेत. नीरजा, नियम वाच."

नीरजाने पत्ता जवळ धरला. "पाच रंगांचे सरदार एकत्र असतील, तर सगळे एकदम चाल करतात आणि त्यांना कुणी अडवू शकत नाही."

"दोन, चार, सहा, आठ..." ओमकार बोटं मोजत उभाच राहिला. "दहा! वेदचे नऊ! राही जिंकली! अरे, राही जिंकली!"

वेद आपल्या पत्त्यांकडे बघत राहिला. "हे निशाण माझ्याच पाकिटात होतं," तो म्हणाला. "मीच सोडलं ते! म्हटलं, पाच रंग कोण वेडा खेळणार!" मग तो मोठ्याने हसला आणि त्याने राहीचा हात धरून गदागदा हलवला. "मानलं तुला. मी शिकवलं तेच खोटं ठरवलंस!"

"खोटं कसं? लक्ष ठेवायला तूच शिकवलंस," राही म्हणाली. "नाहीतर तिठे येतायत हे मला कळलंच नसतं. आणि वहीतल्या तीन नावांपैकी खरं कुठलं, तेसुद्धा."

ऊन उतरलं होतं. फाट्याकडून जीपचा आवाज आला. राहीचे बाबा पोचले होते. त्यांना हकिगत सांगायला मुलं उठतात न उठतात तोच दार उघडलं. उल्काताईंच्या हातात काचेची नळी होती.

 उल्काताईंनी नळी अलगद तिरपी केली. मग आणखी तिरपी. आतलं रक्त हललं नाही. लालभडक, घट्ट, जागच्या जागी!

"गोठलं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

रघू दोन्ही हातांनी तोंड झाकून खालीच बसला. ओमकारला टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना, म्हणून त्याने नीरजाला मिठी मारली.

मालनने त्यांना आत बोलावलं. ती अजून फार थकली होती. तिने चौघांकडे एकेक करून बघितलं. "कुणाची गो तुम्ही पोरं?" ती क्षीण आवाजात म्हणाली. "माझी दोन लहानगी आज्जीकडे हायत. त्यांच्यासाठी मी ऱ्हायले. देव तुमचं भलं करो."

राहीने पुढे होऊन मालनचा हात हातात घेतला. 

"मी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली," डॉक्टर आगाशे बाहेर आल्यावर तिच्या बाबांना म्हणाले, "पण इतकं शहाणपण मोठ्या माणसांतही क्वचित बघितलं. खोका आपला नाही म्हणून टाकून नाही दिला, आणि औषध थंड ठेवून आणलं. अजून दोन-तीन तास गेले असते तर..." ते मुलांकडे वळले. "शाबास रे पोरांनो!"

बाबांनी राहीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात फाट्यापर्यंत तिथेच होता.

"डॉक्टरकाका," निघताना राही म्हणाली, "बर्फ आमचा नव्हता. हौसामावशीचा होता. तिने आपली मासळी उघडी टाकली. तिचं फडकंपण अजून आत आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि खिशातून पेन काढलं. त्यांनी दोन पत्रं लिहिली. एक पार्सल ऑफिसच्या मालकाला. त्याचा परिणाम असा झाला, की तिथल्या प्रत्येक खोक्यावर नाव थेट जाड शाईने लिहिलं जाऊ लागलं, आणि ते लिहायचं काम आत्मारामकडेच आलं. दुसरं पत्र त्यांनी राहीच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं मासळी बाजारात गेले. गर्दी, आरडाओरडा, पाण्याचे सडे. हौसामावशी बांगड्यांचे वाटे लावत होती.

"वाचली का गो ती?" तिने मान वर न करताच विचारलं.

"वाचली, मावशी! आणि हे तुमच्यासाठी डॉक्टरांनी पत्र दिलंय."

"माझ्यासाठी?" हौसामावशीने हात लुगड्याला पुसले, पत्र घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "मला कुठं वाचता येतंय? तूच वाच."

राहीने वाचलं. 'श्रीमती हौसाबाई यांस सप्रेम नमस्कार. आपण दिलेल्या बर्फामुळे औषध सुस्थितीत पोचले आणि आमच्या गावची मालन आज जिवंत आहे. तिची दोन मुले, तिचा नवरा आणि सारे आंबेकोंड आपले ऋणी आहे. आपण गावात याल तेव्हा दवाखान्यात चहाला आल्याशिवाय जाऊ नये.'

हौसामावशी समोरच्या बांगड्यांवरून उगाचच हात फिरवत राहिली. मग तिने नाक ओढलं, पदर खोचला आणि बाजारात शेजारी बसलेल्या सगळ्याजणींवरून एकदा नजर फिरवली.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "आणि जरा मोठ्यान् वाच गो बाय. ह्या बायांना आयकू येऊ दे!"